भीमाकाठची मार्गदर्शित ऐतिहासिक पदभ्रमंती : सणसवाडी परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहास हा कागदपत्रांवर उभा असतो, हे विधान महाराष्ट्रातील इतिहासलेखनाच्या परंपरेत सर्वमान्य झालेले आहे. परंतु ज्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करून या परंपरेस बळ दिले, त्यांनी ही साधने ग्रंथालयात बसून मिळविलेली नव्हती. गावोगावी पायपीट करून, देशमुख-देशपांडे यांच्या वाड्यांतील माळ्यांवर पडलेली दप्तरे चाळून त्यांनी ती गोळा केली. १९१० मध्ये पुणे येथे भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, त्यामागेही हीच भटकंती होती. म्हणजेच मराठी इतिहाससंशोधनाच्या मुळाशी कागद आणि पाऊलवाट या दोहोंचा संयोग आहे. पुढील काळात मात्र महाविद्यालयीन अध्यापनात कागद राहिला आणि पाऊलवाट मागे पडली, असे खेदाने म्हणावे लागते.

पाश्चात्त्य इतिहासलेखनात डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ मध्ये इंग्लंडच्या भूदृश्याच्या जडणघडणीवर ग्रंथ लिहून शेतांच्या बांधांकडे, वाटांकडे आणि गावांच्या रचनेकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. आपल्या देशात अहमदाबाद महानगरपालिकेने नोव्हेंबर १९९७ मध्ये जुन्या शहरातील पोळांमधून सुरू केलेली वारसा फेरी हा या दिशेने झालेला महत्त्वाचा प्रयोग होय. पुण्यातही शनिवारवाडा व कसबा पेठेच्या परिसरात अशा फेऱ्या परिचयाच्या झाल्या आहेत. या फेऱ्यांचे स्वरूप प्रामुख्याने नागरी आहे. वाडे, मंदिरे, बाजारपेठा, जुने जलस्रोत ही त्यांची ठिकाणे असतात. ग्रामीण भागातील, त्यातही ज्या भागाचा इतिहास आजही वादाचा विषय आहे अशा ठिकाणची मार्गदर्शित पदभ्रमंती कशी असावी, याचा विचार त्यामानाने कमी झालेला दिसतो.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात असलेले सणसवाडी हे गाव आणि त्याच्या आसपासचा भीमाकाठ हा असा परिसर आहे. तुळापूर, वढू बुद्रुक, कोरेगाव भीमा आणि पेरणे ही इतिहासात नोंदली गेलेली ठिकाणे येथून थोड्या अंतरावर आहेत. सणसवाडीत मात्र एकही प्रसिद्ध ऐतिहासिक स्मारक नाही. म्हणूनच या गावाचा पदभ्रमंतीतील स्थान या दृष्टीने विचार करणे उद्बोधक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) सणसवाडी परिसरातील ऐतिहासिक स्थळांचा पदभ्रमंतीच्या दृष्टीने परिचय करून घेणे.
२) घटना, स्मारक आणि स्मृती यांतील फरक प्रत्यक्ष भूमीवर कसा स्पष्ट करता येतो याचा शोध घेणे.
३) वादग्रस्त इतिहास असलेल्या परिसरात मार्गदर्शकाची जबाबदारी कोणती, याचे विवेचन करणे.

गृहीतक :

स्मारकापुरती मर्यादित राहणारी पदभ्रमंती स्मरणयात्रा ठरते. घटना जेथे घडली त्या गावापर्यंत पोहोचणारी पदभ्रमंती इतिहासाच्या अध्ययनाचे साधन बनते.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. गॅझेटिअर, ग्रँट डफ यांचा १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेला मराठ्यांचा इतिहास यांसारखी मुद्रित साधने आणि परिसराची भौगोलिक रचना यांचा एकत्रित विचार येथे केला आहे.

परिसराची भौगोलिक ओळख :

पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या महामार्गाने पुण्याहून निघाल्यावर लोणीकंद व पेरणे फाटा ओलांडून भीमा नदीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडची बाजू हवेली तालुक्यात, तर पलीकडची शिरूर तालुक्यात मोडते. पूल ओलांडताच कोरेगाव भीमा, त्यापुढे सणसवाडी आणि नंतर वेळ नदीकाठचे शिक्रापूर अशी गावे येतात. शिक्रापूरच्या दक्षिणेस तळेगाव ढमढेरे आहे. भीमा आणि वेळ या दोन नद्यांच्या दरम्यान जी किंचित उंच जमीन आहे, तिच्यावर सणसवाडी वसलेली आहे. कोरेगावच्या वायव्येस वढू बुद्रुक आणि भीमेच्या पलीकडच्या काठावर तुळापूर आहे.

आजची सणसवाडी ही औद्योगिक वसाहत म्हणून ओळखली जाते. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना कारखाने, गोदामे, वजनकाटे, कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या चाळी दिसतात. राज्याच्या इतर जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेल्या कामगारांची मोठी वस्ती येथे आहे. ज्याला केवळ 'जुने' पाहावयाचे आहे, तो अभ्यागत या गावातून न थांबता पुढे जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे का थांबावे, हा प्रश्न या निबंधाच्या केंद्रस्थानी आहे.

हिवाळ्याची निवड :

या परिसरातील पदभ्रमंतीसाठी डिसेंबर-जानेवारीतील शनिवार-रविवार सर्वांत योग्य होत. हवा आल्हाददायक असते आणि दिवसभर चालणे शक्य होते, हे त्याचे एक कारण. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण ऐतिहासिक आहे. येथील सर्वाधिक चर्चिली गेलेली घटना, म्हणजे कोरेगावची लढाई, १ जानेवारी १८१८ रोजी झाली. त्याच ऋतूत त्याच भूमीवर उभे राहिल्यास काही गोष्टी आपोआप उलगडतात. पावसाळ्यात दुथडी वाहणारी भीमा पौष महिन्यात ओसरते. नदीला उतार मिळतो, सैन्याला ती ओलांडता येते. रात्री थंडी पडते, तर दुपारी ऊन चांगलेच तापते. रात्रभर चाललेल्या आणि दिवसभर पाण्यावाचून लढलेल्या शिपायांची अवस्था कशी असेल, याची कल्पना मे महिन्यात किंवा जुलैमध्ये येणे कठीण आहे.

अर्थात ऋतू तोच असला तरी भूमी तीच राहिलेली नाही, याचेही भान ठेवावे लागते. धरणे व कालवे झाल्यामुळे नदीचा प्रवाह बदलला. कोरडवाहू शाळूच्या जागी अनेक ठिकाणी ऊस उभा राहिला. हिवाळ्यात याच तालुक्यातील मोराची चिंचोलीसारख्या गावी हुरड्यासाठी पर्यटक येतात. हा ग्रामीण पर्यटनाचा स्वागतार्ह भाग आहे. ऐतिहासिक पदभ्रमंतीने मात्र कालची भूमी आणि आजची भूमी यांतील अंतर दाखविणे अपेक्षित असते.

पहिला दिवस – तुळापूर आणि वढू बुद्रुक :

तुळापूर हे भीमा, भामा आणि इंद्रायणी यांच्या संगमासाठी ओळखले जाते. आदिलशाहीतील मुरार जगदेव याने येथे तुला केली, त्यावरून गावास हे नाव पडले, अशी परंपरा सांगितली जाते. मराठ्यांच्या इतिहासात या स्थळाला जे महत्त्व आहे, ते मात्र छत्रपती संभाजी महाराजांच्या बलिदानामुळे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे महाराज पकडले गेले. भीमाकाठच्याच बहादूरगड (पेडगाव) येथील औरंगजेबाच्या छावणीत त्यांना नेण्यात आले आणि ११ मार्च १६८९ रोजी त्यांची क्रूर हत्या करण्यात आली. तुळापूर आणि वढू बुद्रुक या दोन्ही ठिकाणी त्यांच्या स्मृती जपल्या आहेत.

येथे मार्गदर्शकाची पहिली कसोटी लागते. महाराजांची कैद, छावणी व हत्या या बाबी लिखित साधनांवर आधारलेल्या आहेत. हत्येनंतर त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार कोणी केले, यासंबंधी मात्र वढू परिसरात एकाहून अधिक परंपरा सांगितल्या जातात. त्यांपैकी एका परंपरेत गोविंद गोपाळ या महार समाजातील व्यक्तीने हे धाडस केले असे मानले जाते आणि त्यांची समाधीही वढू येथे दाखविली जाते. गावातील मराठा समाजाचीही स्वतंत्र परंपरा आहे. बादशाही फौज जवळ असताना, जिवाची पर्वा न करता सामान्य माणसांनी हे कार्य पार पाडले, हा या सर्व परंपरांचा समान आशय होय.

मार्गदर्शकाने यांपैकी एक परंपरा खरी आणि दुसरी खोटी असा निवाडा चालता-चालता देणे हे इतिहासशास्त्राला धरून होणार नाही. परंपरा म्हणून सांगितलेली गोष्ट परंपरा म्हणूनच सांगावी, तिचा उगम कोणत्या कागदात अथवा कोणत्या समाजाच्या स्मृतीत आहे हे स्पष्ट करावे, आणि श्रोत्यांनी पुरावा मागितल्यास तो कोणत्या प्रतीचा आहे हेही सांगावे. हा केवळ शास्त्रीय शिस्तीचा प्रश्न नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी वढू येथे याच विषयावरील फलकावरून तणाव निर्माण झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे मार्गदर्शकाच्या एकेका शब्दाचे वजन लक्षात येते.

दुसरा दिवस – शिक्रापूर ते कोरेगाव :

दुसऱ्या दिवशीचा मार्ग ठरविताना पुण्याकडून शिरूरकडे न जाता, शिरूरच्या बाजूने पुण्याकडे येणे अधिक उपयुक्त आहे. कारण लढाईत उतरलेली कंपनीची तुकडी याच दिशेने आली होती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. दुसरे बाजीराव पेशवे प्रथम दक्षिणेकडे आणि नंतर उत्तरेकडे सरकले. जनरल स्मिथ त्यांचा पाठलाग करीत होता. डिसेंबरच्या अखेरीस पेशव्यांचे सैन्य चाकणमार्गे पुन्हा पुण्याच्या दिशेने येऊ लागले, तेव्हा पुण्यातील कर्नल बर याने शिरूरच्या छावणीकडे मदत मागितली. शिरूर, म्हणजेच घोडनदी, हे त्या काळी कंपनीचे महत्त्वाचे लष्करी ठाणे होते. येथे १८०९ मध्ये मरण पावलेला कर्नल वॉलेस याच्या थडग्याला आसपासचे लोक सत्पुरुषाचे स्थान मानून नैवेद्य दाखवीत असत, अशी नोंद मिळते. परकीय अधिकाऱ्याचे थडगे लोकस्मृतीत देवस्थान बनावे, ही बाब स्मृती आणि इतिहास यांच्या वाटा किती वेगळ्या असू शकतात हे दाखविते.

३१ डिसेंबर १८१७ रोजी रात्री साडेआठच्या सुमारास कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन सुमारे ८०० सैनिकांसह शिरूरहून निघाला. या तुकडीत बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० शिपाई, सुमारे २५० ते ३०० घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या गोलंदाजांसह दोन तोफा होत्या. रात्रभरात सुमारे ४० किलोमीटर चालून तुकडी सकाळी तळेगाव ढमढेरेजवळच्या उंचवट्यावर आली. तेथून भीमेपलीकडे पेशव्यांची प्रचंड फौज दिसली.

वेळ आणि भीमा यांच्या दरम्यानची ही वाट पाहता, तुकडी आजच्या सणसवाडीच्या शिवारातून किंवा त्याच्या अगदी लगत गेली असावी, असे अनुमान करता येते. हे अनुमान आहे, दस्तऐवज नव्हे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. पदभ्रमंतीचा येथील लाभ असा की, अनुमान कसे बांधतात हे विद्यार्थी स्वतः पाहतो. दोन नद्या कोठे आहेत, उंचवटा कोणता, तोफांचे गाडे जाऊ शकतील अशी जमीन कोणती, हे प्रश्न नकाशावर एका दृष्टिक्षेपात संपतात. जमिनीवर त्यांना दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांत विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची सवय लागते. महामार्गावरील अवजड वाहतूक लक्षात घेता हे अंतर शिवारातील रस्त्यांनी चालणे आणि उरलेला टप्पा वाहनाने पार करणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक आहे.

कोरेगावच्या गल्ल्या :

स्टाँटनची तुकडी सकाळी दहाच्या सुमारास कोरेगावात शिरली. पेशव्यांच्या फौजेचा आकडा इंग्रजी साधनांत २५ ते ३० हजारांच्या घरात दिला जातो. हा आकडा संपूर्ण फौजेचा आहे. प्रत्यक्ष हल्ला अरब, गोसावी व कवायती पायदळ अशा, प्रत्येकी सुमारे सहाशेच्या, तीन तुकड्यांनी केला. नदी ओलांडून आलेल्या या तुकड्यांनी गावातील काही मोक्याच्या जागा हस्तगत केल्या आणि नदीकडे जाण्याचा कंपनीच्या शिपायांचा मार्ग रोखला. त्यामुळे भीमा हाकेच्या अंतरावर असूनही शिपायांना पाणी मिळेनासे झाले. दिवसभर घराघरांतून, गल्ल्यांतून लढाई चालली. एक तोफ पेशव्यांच्या सैनिकांनी हस्तगत केली व ती पुन्हा परत घेण्यात आली. लेफ्टनंट चिझम ठार झाला, लेफ्टनंट पॅटिन्सन प्राणांतिक जखमी झाला. रात्री नऊच्या सुमारास हल्ला थांबला. जनरल स्मिथ जवळ येत असल्याने पेशव्यांचे सैन्य पुढे निघून गेले. कंपनीचे २७५ सैनिक ठार, जखमी अथवा बेपत्ता झाले. स्टाँटनही पुण्याला न जाता शिरूरला परतला.

या लढाईत जिंकले कोण, हा प्रश्न पदभ्रमंतीत हमखास विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, कंपनीच्या तुकडीने गाव सोडले नाही आणि तिचा पूर्ण नाश टळला, तर पेशव्यांच्या सैन्याला ती नष्ट करता आली नाही. राजकीय दृष्ट्या पेशवाईचा शेवट त्यानंतरच्या घटनांनी झाला. फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले आणि ३ जून १८१८ रोजी बाजीरावांनी माल्कमपुढे शरणागती पत्करली.

लढाईचे हे वर्णन सैन्यांचे आहे. कोरेगावच्या गल्ल्यांतून चालताना आणखी एक प्रश्न सुचतो आणि तो ग्रंथालयात बसून सहसा सुचत नाही : ही घरे कोणाची होती? लढाई मोकळ्या माळावर नव्हे, वस्तीत झाली. ३ जानेवारी रोजी एल्फिन्स्टन कोरेगावात आला, तेव्हा त्याला जळालेली घरे आणि रस्त्यांत पडलेली प्रेते दिसली. ज्यांची घरे जळाली त्या रयतेचे काय झाले, त्यांच्या पेवांतले धान्य, त्यांची जनावरे यांची वाट काय लागली, याची नोंद लढाईच्या प्रसिद्ध वृत्तांतांत नाही. दोन्ही बाजूंच्या सैन्यांना कोरेगाव हे केवळ एक ठिकाण होते. गावाला मात्र ते गाव होते.

पेरणे येथील जयस्तंभ :

कोरेगावहून पूल ओलांडून पेरण्याच्या हद्दीत आल्यावर जयस्तंभ लागतो. २६ मार्च १८२१ रोजी त्याची पायाभरणी झाली. सुमारे ६५ फूट उंचीचा हा दगडी स्तंभ लढाई झाली त्या गावात नसून नदीच्या दुसऱ्या काठावर आहे, ही बाब चालत आलेल्या विद्यार्थ्याच्या चटकन लक्षात येते. वाहनातून उतरून थेट स्तंभापाशी येणाऱ्याच्या ती लक्षात येत नाही. घटनेची जागा आणि स्मारकाची जागा वेगळी असते, हा धडा येथे शब्दांशिवाय मिळतो.

स्तंभावर इंग्रजी व मराठी लेख आहेत. लेखाचा हेतू उघड आहे. कंपनी सरकारने आपल्या सैन्याच्या चिकाटीचा गौरव करण्यासाठी आणि नव्या राज्याचा दरारा बसविण्यासाठी हे स्मारक उभारले. मात्र त्याच स्तंभावर लढाईत पडलेल्या ४९ जणांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतील २२ नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. हा प्रत्यय महार समाजातील नावांचा निदर्शक आहे. उर्वरित नावे इतर जाती-धर्मांच्या सैनिकांची आहेत. पेशव्यांच्या बाजूनेही अरब, गोसावी असे विविध सैनिक लढले. म्हणून ही लढाई केवळ दोन जातींमधील होती असे म्हणणे जसे साधनांशी विसंगत आहे, तसेच त्या २२ नावांचे महत्त्व नाकारणे हेही साधनांशी विसंगत आहे.

ज्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरण्याचा हक्क नव्हता, त्या समाजातील माणसांची नावे दगडावर कोरली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पूर्वजांनी केलेली लष्करी सेवा हा या मागणीचा आधार होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जयस्तंभास भेट दिली आणि त्याच वर्षी २० मार्च रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी प्राशन केले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या मानचिन्हावर हाच स्तंभ होता. साम्राज्याने आपल्या विजयासाठी उभारलेले स्मारक अशा रीतीने आत्मसन्मानाचे प्रतीक बनले. स्मारक एक, पण त्याचे अर्थ काळानुसार बदलत गेले. हे अर्थांतर हा स्वतंत्र इतिहास आहे आणि त्याचीही साधने आहेत. त्याला 'दंतकथा' म्हणून बाजूला सारता येत नाही, तसेच १८१८ च्या लढाईचे हेच सर्व सैनिकांचे प्रयोजन होते असेही म्हणता येत नाही.

सणसवाडी – स्मारक नसलेला थांबा :

बहुतेक भेटी जयस्तंभापाशी संपतात. प्रस्तुत निबंधात सुचविलेली पदभ्रमंती मात्र तेथे न संपता परत सणसवाडीत येऊन संपते. त्यामागील भूमिका पुढीलप्रमाणे आहे.

१ जानेवारी २०१८ रोजी लढाईस दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी जयस्तंभास अभिवादन करण्यासाठी मोठा जनसमुदाय आला असताना कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात दगडफेक व जाळपोळ झाली. वाहने व दुकाने जळाली. सणसवाडी येथे एका तरुणाचा मृत्यू झाला. ३ जानेवारी रोजी राज्यभर बंद पाळला गेला आणि पुढे राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. दोषी कोण, हे ठरविणे न्यायव्यवस्थेचे काम आहे. तो इतिहासाच्या अध्यापकाचा किंवा पदभ्रमंतीच्या मार्गदर्शकाचा अधिकार नाही.

परंतु एक गोष्ट इतिहासाच्या अध्यापकाला टाळता येत नाही. ज्या वादातून हे घडले, त्याचा विषय इतिहास होता. वढू येथील परंपरा आणि पेरणे येथील स्तंभाचा अर्थ हे दोन्ही प्रश्न वर्गात शिकविण्याचे, साधने समोर ठेवून तपासण्याचे होते. ते रस्त्यावर आले आणि त्याची किंमत सणसवाडीसारख्या गावातील माणसांनी मोजली. त्यांत दुकानदार होते, कामगार होते, येणारे-जाणारे प्रवासी होते. १८१८ मध्ये कोरेगावच्या रयतेची घरे जळाली आणि त्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरली गेली नाहीत. दोनशे वर्षांनंतर सणसवाडीच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढी अपेक्षा इतिहासाकडून ठेवणे गैर नाही. या दोन घटनांची कारणे, स्वरूप व काळ पूर्णतः भिन्न आहेत आणि त्यांची तुलना करणे येथे अभिप्रेत नाही. साम्य एवढेच की, दोन्ही वेळी इतिहास गावात घडला आणि गाव त्याच्या वर्णनातून वगळले गेले.

सणसवाडीच्या थांब्यावर दाखविण्यासारखी इमारत नाही. तेथे मार्गदर्शकाने भाषण न करता विद्यार्थ्यांना गावाचे निरीक्षण करण्यास सांगावे. वाडीचे औद्योगिक गावात झालेले रूपांतर, बाहेरगावच्या कामगारांची वस्ती, महामार्गाने आणलेली समृद्धी व अनामिकता, गावातील मंदिर, बुद्धविहार, पार यांच्या जागा या सर्व बाबी समकालीन इतिहासाची साधने आहेत. गावकऱ्यांशी संवाद साधताना त्यांच्या इच्छेचा आदर ठेवावा. कोणी बोलू इच्छित नसल्यास आग्रह धरू नये. दुःख हे पाहुण्यांना दाखविण्याचे स्थळ नव्हे.

मार्गदर्शकाची भूमिका :

वरील विवेचनावरून मार्गदर्शकासाठी काही पथ्ये सांगता येतात. समकालीन कागद, नंतर लिहिलेला वृत्तांत, कोरीव लेख आणि मौखिक परंपरा यांतील फरक त्याने प्रत्येक थांब्यावर स्पष्ट करावा. इंग्रजी साधने विजेत्याची आहेत, म्हणून त्यांतील आकडे तपासून सांगावेत. एखाद्या श्रोत्याने आपल्या घरी ऐकलेली वेगळी हकीकत सांगितली, तर तिची टिंगल होणार नाही आणि पुराव्याशिवाय तिचा स्वीकारही होणार नाही, असे वातावरण राखावे. संमिश्र सामाजिक पार्श्वभूमीचा गट असणे हे येथे अडचण नसून बळ आहे. एकाच स्तंभासमोर उभ्या असलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या मनात वेगवेगळ्या भावना असतात, हे त्यांना परस्परांसमक्ष कळणे हाही शिक्षणाचाच भाग होय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभाग यांना स्थान मिळाले आहे. इतिहास विभागांनी या तरतुदीचा उपयोग सहलीची औपचारिकता पूर्ण करण्यासाठी न करता, पूर्वतयारी, पदभ्रमंती व उत्तरचर्चा अशा तीन टप्प्यांत केल्यास तो फलदायी ठरेल. जाण्यापूर्वी साधनांचे वाचन झालेले नसेल, तर चालणे हे केवळ व्यायाम ठरते. आल्यानंतर चर्चा झाली नाही, तर ते केवळ छायाचित्रांचा संग्रह ठरते.

मर्यादा :

पदभ्रमंती ही अभ्यासपद्धती असली तरी तिला मर्यादा आहेत. ती नवा कागद देत नाही, तारखांचा वाद सोडवीत नाही. बदललेल्या भूमीवरून जुन्या भूमीविषयी घाईने निष्कर्ष काढण्याचा धोकाही तीत असतो. १ जानेवारीच्या आसपास या परिसरात मोठी गर्दी व बंदोबस्त असतो, त्यामुळे अभ्यासासाठी जानेवारीच्या उत्तरार्धातील शनिवार-रविवार निवडणे उचित होय.

निष्कर्ष :

१) सणसवाडी परिसरात सतराव्या शतकापासून एकविसाव्या शतकापर्यंतच्या घटना दोन दिवसांच्या चालीच्या टप्प्यात एकत्र अभ्यासता येतात.
२) घटनास्थळ, स्मारक व स्मृती यांची ठिकाणे येथे भौगोलिक दृष्ट्याच वेगवेगळी असल्यामुळे त्यांतील फरक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष समजावून देता येतो.
३) जयस्तंभाचा मूळ हेतू आणि त्याला पुढे प्राप्त झालेला सामाजिक अर्थ हे दोन्ही इतिहासाचे विषय असून एकाने दुसरा रद्द होत नाही.
४) परंपरेला परंपरा व अनुमानाला अनुमान म्हणून सांगणे ही वादग्रस्त परिसरातील मार्गदर्शकाची प्राथमिक जबाबदारी आहे.
५) स्मारक नसलेले गाव हा पदभ्रमंतीतील रिकामा टप्पा नसतो. ज्यांच्या घरादारांत इतिहास घडला, त्या रयतेपर्यंत पोहोचण्याची ती वाट असते. सणसवाडीचा थांबा वगळल्यास भीमाकाठचा इतिहास सैन्यांचा व स्तंभांचा राहील. तो समाविष्ट केल्यास माणसांचा होईल.